कोल्हापूर–नागपूर विमान : अंतर सातशे, वेळ दीड तास, खर्च किती?

कोल्हापूर आणि नागपूर ही एकाच राज्यातली शहरे आहेत, हे रेल्वेचे वेळापत्रक पाहून कुणाला खरे वाटायचे नाही. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा राज्याला भलामोठा वळसा घालून नागपूर गाठते. तोवर बाराशे किलोमीटरहून जास्त रूळ मागे पडलेले असतात आणि घड्याळात एक अख्खा दिवस उलटलेला असतो. रस्ता त्या मानाने शहाणा आहे. मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असे गेले की सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास हिशेब बसतो. पण गाडी चालवणाऱ्याची कंबर १४-१५ तास तरी कामाला लागते.

सरळ रेषेत मात्र कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी आणि नागपूरची सोनेगावची धावपट्टी यांच्यात सुमारे ७०२ किलोमीटर आहेत. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. योगायोगच म्हणायचा, पण आकडा लक्षात ठेवायला बरा. २०२५ मध्ये स्टार एअरने या दोन शहरांमध्ये थेट विमान सुरू केले आणि ‘दीड तासात नागपूर’ हे वाक्य कोल्हापुरात ऐकू येऊ लागले. वाक्य खोटे नाही, फक्त अपुरे आहे. हे विमान तुम्हाला किती वेळात आणि किती पैशांत पडते ते अंतरापेक्षा ते कोणत्या वारी उडते यावर जास्त ठरते, आणि तिकीट काढण्याआधी नेमके तेच पाहायचे राहून जाते.

नकाशावरचे अंतर आणि आकाशातला वेळ

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि ‘उड्डाणाचा वेळ’ लगेच समोर येतो. अंतर बहुधा बरोबर असते, कारण ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर असते आणि त्याला अक्षांश-रेखांशांपलीकडे काही लागत नाही. या रेषेखाली काय येते तेही पाहण्यासारखे आहे. पाव वाटेवर पंढरपूरचा परिसर, बरोबर निम्म्यावर परळी वैजनाथ आणि शेवटच्या टप्प्यात यवतमाळ. खिडकीची जागा मिळाली आणि आकाश निरभ्र असले, तर ही तीन ठिकाणे ओळखायचा प्रयत्न करता येतो.

वेळेचा आकडा मात्र बहुतेकदा अंदाजाचा असतो. अंतराला ताशी आठशेने भागायचे आणि वर अर्धा तास टाकायचा, एवढाच तो हिशेब. त्या दोन शहरांमध्ये एकही विमान उडत नसले तरी ही संकेतस्थळे वेळ सांगतात! म्हणून तो आकडा पाहून सुट्टीचा अर्ज टाकू नये.

स्वतः अंदाज करायचा असेल तर आधी विमान कोणते ते पाहा. प्रादेशिक मार्गांवर मुख्यतः दोन प्रकार भेटतात. एक पंख्यांचे एटीआर ७२. ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाते. दुसरे एम्ब्रेअर १७५ हे छोटे जेट, जे आकाशात स्थिरावल्यावर ताशी आठशेच्या घरात पोचते. चढउतारात वेग कमी असल्यामुळे सातशे किलोमीटरच्या टप्प्यात त्याची सरासरी साडेसातशेच्या आसपास धरावी. त्यावर धावपट्टीपर्यंत जाणे, उतरण्याआधी रांगेत थांबणे आणि उतरल्यावर जागेवर येणे यासाठी २५-३० मिनिटे मिळवा. कोल्हापूर–नागपूरसाठी जेटचा हिशेब दीड तासाच्या किंचित आत येतो, एटीआरचा पावणेदोन ते दोन तासांचा. स्टार एअरचे एम्ब्रेअर १७५ हे ७६ आसनांचे आहे. त्यातली १२ बिझनेस वर्गाची आणि ६४ साधी.

विमान काही पट्टी ठेवून आखलेल्या रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, संरक्षण दलाची क्षेत्रे टाळावी लागतात आणि पावसाळ्यात ढगांच्या राशींना वळसा घालावा लागतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना दोनचार मिनिटे वाचतात आणि येताना तेवढीच जास्त लागतात.

तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी ढिलाई आधीच धरून ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेले विमान कधीकधी पंधराच मिनिटे उशिरा पोचते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. हा ब्लॉक टाइम लक्षात ठेवा. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्याचे थेट रुपयांत रूपांतर होते.

तिकिटात काय काय असते

तिकिटाचा मोठा भाग मूळ भाड्याचा. काही कंपन्या इंधन अधिभार वेगळा दाखवतात. त्यावर साध्या वर्गासाठी ५ टक्के जीएसटी आणि बिझनेस वर्गासाठी सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. विमानतळ सुरक्षा शुल्क देशांतर्गत प्रवासाला दर प्रवाशामागे २०० रुपये. विमानतळ वापर शुल्क प्रत्येक विमानतळाचे वेगळे असते, त्यामुळे जाताना आणि येताना एकाच मार्गाचे तिकीट चारदोनशे रुपयांनी वेगळे दिसले तर गोंधळू नका.

यापलीकडे जे असते ते तुमच्या हातात असते. तिकीट विकणारी संकेतस्थळे शेवटच्या पानावर ‘सुविधा शुल्क’ म्हणून दर प्रवाशाला काहीशे रुपये लावतात. चार जणांचे येण्याजाण्याचे तिकीट असेल तर ही रक्कम दोन-अडीच हजारांवर सहज जाते. दर तिथे शोधा, तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा. पण तिथेही हे शुल्क लागते का, हे पैसे भरण्याआधी पाहा. आसन निवडायला पैसे मागितले तर ती पायरी सोडून पुढे जाता येते. आसन मिळतेच, फक्त नवराबायकोला ७६ आसनांच्या विमानात दोन टोकांना बसावे लागेल एवढाच धोका. विमा, जेवण, लवकर चढण्याचा मान या खुणा बऱ्याचदा आधीच केलेल्या असतात. त्या एकेक करून काढाव्यात.

आता केंद्र सरकारची उडान योजना. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साधारण पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी भाड्याची कमाल मर्यादा होती. पण ती ठरावीक मार्गांवर आणि विमानातल्या साधारण निम्म्या आसनांनाच. मर्यादा अंतरानुसार बदलत होती. सुरुवातीला १५१ ते १७५ किलोमीटरसाठी १,४२० रुपये होती आणि आठशे किलोमीटरपर्यंत ती ३,५०० वर जात होती. नंतर ती महागाईनुसार वाढली. लहान विमानतळाहून उडणारे प्रत्येक विमान या योजनेत असते असा समज फार पसरलेला आहे. तो काढून टाका. मार्ग योजनेत आहे का, असल्यास त्याची मुदत उरली आहे का, हे कंपनीला विचारल्याशिवाय ‘सरकारी दर’ डोक्यात धरू नये.

मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सरकार तोटा भरून देते ते साधारण तीन वर्षे. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर बंद होतो. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून मुंबईचे विमान ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाले आणि तीन वर्षांनी थांबले. नागपूरला मुलगी दिली किंवा बदली झाली म्हणून कुणी पुढची पाच वर्षे या विमानाच्या भरवशावर आखणार असेल, तर हा धोका गृहीत धरावा.

सरकार अंतराकडे आणखी एका वेळी पाहते. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणे रद्द होऊन भाडी आकाशाला भिडली, तेव्हा केंद्राने तात्पुरती मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, आणि कर व विमानतळ शुल्क वेगळे. म्हणजे कोल्हापूर–नागपूरचे सातशे किलोमीटर दुसऱ्या पायरीत आले. त्याआधी कोविडच्या काळात, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, भाड्याचे पट्टे उड्डाणाच्या मिनिटांवर ठरवले होते. एरवी भाडे किती असावे हे कंपनीच ठरवते. किलोमीटरमागे दर काढायला बसलात तर लहान मार्ग नेहमी महागच दिसणार. विमान चढताना सर्वांत जास्त इंधन पिते आणि तो खर्च मोजक्या आसनांवर वाटला जातो.

एका माणसाचा आणि चौघांचा हिशेब

खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या तारखेचे भाडे त्यात घाला आणि गणित पुन्हा करा.

एकटा माणूस धरू. सर्व कर धरून तिकीट ५,००० रुपये, उजळाईवाडीला रिक्षा ३०० आणि नागपुरात टॅक्सी ३५०, म्हणजे ५,६५० रुपये. वेळ असा : घरातून विमानतळ अर्धा तास, तिथे सव्वा तास आधी, उड्डाण दीड तास, सामान मिळायला २५ मिनिटे, मुक्कामी पोचायला ३५ मिनिटे. एकूण सव्वाचार तास. दीड तासाचे नागपूर असे सव्वाचार तासांचे होते.

रेल्वेने थर्ड एसीचे भाडे चौदाशेच्या घरात, वाटेतले खाणेपिणे ५०० आणि दोन्हीकडच्या रिक्षा २५० धरल्या, तर २,१५० रुपये. वेळ सव्वीस तास धरा. म्हणजे विमानाला साडेतीन हजार जास्त मोजून पावणेबावीस तास वाचले. तासाला एकशेसाठ रुपये. त्यातले आठ तास बर्थवर झोपेत गेले असते असे म्हटले, तरी तासाला अडीचशे. पगारी रजा वाया घालवायची नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर हा सौदा मला स्वस्त वाटतो. स्लीपर वर्गाने जाणाऱ्याचे भाडे पाचशेच्या आसपास असते. त्याच्यासाठी हिशेब वेगळा होईल.

चौघांचे कुटुंब असेल तर चित्र उलटते. विमानाची चार तिकिटे २०,००० आणि टॅक्सी ७००. स्वतःच्या गाडीने ८३० किलोमीटर, लिटरला १५ ची सरासरी आणि १०५ रुपयांचे पेट्रोल धरले तर इंधन ५,८०० च्या आसपास. टोल हजार धरा. वाटेतले जेवण सोडून सहा हजार आठशे. एका बाजूच्या प्रवासात चौदा हजारांचा फरक, आणि नागपुरात फिरायला गाडी हाताशी. शिवाय तुळजापूर आणि नांदेड वाटेतच. सुट्टी मोठी असेल तर चौघांनी विमानाने जाण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. दोनच दिवसांचे लग्न असेल तर गोष्ट वेगळी.

वार पाहा

प्रादेशिक विमान रोज असतेच असे नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस उडते आणि ते दिवसही हंगामानुसार बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन तारखांच्या पलीकडचे तिकीट काढताना वार आणि वेळ दोन्ही नव्याने तपासा.

समजा नागपूरचे काम बुधवारी दुपारी संपले आणि परतीचे विमान थेट शुक्रवारी आहे. दोन रात्रींची खोली १,८०० रुपयांप्रमाणे ३,६०० आणि दोन दिवसांचे जेवणखाण १,२००. विमानाने वाचवलेले तास नागपूरच्या लॉजमध्ये बसून घालवले आणि वर ४,८०० रुपये गेले. तिकीट हजाराने स्वस्त मिळाले म्हणून खूश झालेल्या माणसाचा तोटा नेमका इथे होतो, आणि तिकिटाच्या पावतीवर तो कुठेच दिसत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे एक बाजू विमानाने आणि दुसरी रेल्वेने. देशांतर्गत प्रवासात येण्याजाण्याचे तिकीट एकत्र काढल्याने फारसे काही वाचत नाही, त्यामुळे दोन वेगळी तिकिटे काढायला संकोच नको. जाताना वेळेवर पोचायचे असते म्हणून विमान, येताना घाई नसते म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेस. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी हिंगोली, परळी, लातूर, पंढरपूर मार्गाने जाणारी नागपूर–कोल्हापूर एक्सप्रेसही आहे. तिचे दिवस जुळले तर पुणे-मनमाडचा वळसा टळतो.

थेट विमान नसलेल्या दिवशी तीन पर्याय उरतात. पुण्याला जाऊन तिथून नागपूरचे विमान धरणे हा सर्वांत खात्रीचा. पुण्याचे लोहगाव ते सोनेगाव सरळ अंतर सहाशे किलोमीटर. या मार्गावर विमाने जास्त आणि त्यामुळे भाड्यात चढाओढही जास्त. पण कोल्हापूर–पुणे २३० किलोमीटरच्या महामार्गावर कराड-साताऱ्याकडची कामे चालू असताना पाच तास हाताशी ठेवा, वर विमानतळाचे दोन. दारापासून दारापर्यंत दहा तास धरणे प्रामाणिकपणाचे. ऑगस्ट २०२५ पासून पुणे ते नागपूरच्या अजनीपर्यंत वंदे भारतही धावते. ती साधारण बारा तास घेते. पुण्यात एक रात्र नातेवाइकांकडे काढता येत असेल तर हा मार्ग वाईट नाही.

दुसरा पर्याय मुंबईमार्गे. कोल्हापूर–मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर आणि मुंबई–नागपूर सुमारे ६८०. सातशेऐवजी जवळजवळ हजार किलोमीटर उडायचे. इथे एक पथ्य पाळाच : दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वस्त तिकिटे जोडली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. पैसे गेले. एका पीएनआरवर मात्र पुढच्या विमानाची सोय करणे कंपनीचे काम असते. मुंबईत टर्मिनल बदलायचे आहे का तेही आधी बघा.

तिसरा पर्याय बेळगावचा. सांबरा विमानतळ कोल्हापूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. गडहिंग्लज, निपाणीकडच्या लोकांना तर उजळाईवाडी आणि सांबरा यांत फारसा फरकच पडत नाही. त्यांनी दोन्हीकडची वेळापत्रके एकाच वेळी उघडून बसावे.

भाडे कधी चढते हे सांगायला ज्योतिषी नको. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि पश्चिम महाराष्ट्रातून आमदार, अधिकारी, मोर्चेकरी सगळे तिकडे निघतात. नवरात्रात अंबाबाईसाठी गर्दी कोल्हापूरकडे वाहते, तर दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीकडे. त्या आठवड्यात दोन्ही दिशांची विमाने भरतात. ७६ आसनांच्या विमानात वीसपंचवीस जणांच्या एका गटाने तिकिटे काढली की उरलेल्यांचे भाडे वरच्या पायरीवर जाते. तारीख नक्की असेल तर महिनाभर आधी काढा. आयत्या वेळी रिकामी आसने स्वस्तात मिळतील ही आशा लहान मार्गांवर फारशी फळत नाही.

विमान रद्द झाले तर

लहान कंपनीचे एकच विमान सकाळपासून चारपाच गावे करत फिरते. पहिल्या गावात धुके पडले की दुपारपर्यंत सगळी साखळी घसरते. म्हणून हक्क माहीत असलेले बरे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे उड्डाण रद्द झाले तर कंपनीने दुसऱ्या विमानाची सोय करायची किंवा पैसे परत द्यायचे. यात निवड प्रवाशाची. वेळेवर कळवले नसेल तर त्यावर नुकसानभरपाईही लागते आणि तिचा आकडा ब्लॉक टाइमवर ठरतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांवर १०,०००, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. कोल्हापूर–नागपूर मधल्या पट्ट्यात बसते. तुमचे मूळ भाडे ४,२०० असेल तर ७,५०० मिळणार नाहीत, ४,२०० मिळतील. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, बंद-दंगल अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. परतावा मात्र तेव्हाही मिळतो.

हे सगळे एका क्षुल्लक गोष्टीवर अडते. तिकीट काढताना तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल दिलेला नसेल तर भरपाईवर हक्क सांगता येत नाही. कोपऱ्यावरचा एजंट बहुतेकदा स्वतःचा नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो आणि तुम्ही उजळाईवाडीला बॅगा घेऊन उभे. एजंटाकडून काढा, हरकत नाही, पण तिकिटावर नंबर स्वतःचा आहे हे तिथेच बघून घ्या.

अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर चहा-नाश्त्याची सोय कंपनीने करायची असते. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा. आसने जास्त विकली गेली म्हणून तुम्हाला चढू दिले नाही आणि तासाभरात दुसरी सोयही केली नाही, तर चोवीस तासांच्या आतल्या पर्यायाला मूळ भाड्याच्या दुप्पट, पण १०,००० पर्यंत. त्यापुढच्या उशिराला चौपट, पण २०,००० पर्यंत. काउंटरवर हे तोंडी सांगून वाद घालण्यापेक्षा उशिराचे कारण लेखी मागा.

तुम्हीच प्रवास रद्द केला तरी सगळे पैसे बुडत नाहीत. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त असू शकत नाही. ‘परतावा नाही’ असा शिक्का असलेल्या तिकिटावरचे कर, सुरक्षा शुल्क आणि विमानतळ वापर शुल्कही परत मिळायला हवे. विमान चुकले तरीसुद्धा. ही रक्कम हजाराच्या आतबाहेर असते आणि मागितल्याशिवाय ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पैसे परत देण्याऐवजी पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचा आग्रह झाला तर नकार द्या. ती निवड कंपनीची नाही. तिकीट थेट कंपनीकडे काढले असेल आणि प्रवास सात दिवसांहून पुढे असेल, तर काढल्यापासून निदान पहिल्या २४ तासांत ते विनाशुल्क रद्द करता येते. नावाचे स्पेलिंग, तारीख, दुपारचे बारा की रात्रीचे बारा, हे त्या वेळात एकदा दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे.

सामान

साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, एवढे तिकिटात असते. जास्तीच्या प्रत्येक किलोला विमानतळावर काहीशे रुपये पडतात. आधी ऑनलाइन घेतले तर ते थोडे स्वस्त. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, चाकांची मोठी बॅग आत मावत नाही आणि दारातच काढून घेतात. म्हणून औषधे, दागिने आणि कागदपत्रे वेगळ्या पिशवीत ठेवा.

कोल्हापूरकर रिकाम्या हाताने नागपूरला जात नाही, हे धरूनच सांगतो. कांदा-लसूण चटणी आणि तिखट हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतील. चेक-इनमध्ये घाला आणि पिशवी दुहेरी बांधा. सुके खोबरे लवकर पेटते म्हणून विमानात चालत नाही, ते नागपुरातच विकत घ्या. काकवीचा डबा चेक-इनमध्ये, झाकणाला चिकटपट्टी लावून. गुळाच्या ढेपेला आडकाठी नाही, पण पाच किलोची ढेप म्हणजे तुमच्या पंधरा किलोंचा तिसरा हिस्सा. येताना संत्र्यांच्या करंडीचेही तसेच. पॉवर बँक मात्र उलट : ती हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही.

सामान देण्याचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, काही कंपन्यांचे पाऊण तास आधी. लहान विमानतळावर रांग छोटी असते म्हणून लोक रमतगमत येतात आणि बंद काउंटरपुढे उभे राहतात. उतरल्यावर नागपुरात मेट्रोच्या ऑरेंज लाइनचे एअरपोर्ट स्थानक आहे. ते टर्मिनलला लागून नाही. सामान हलके असेल तर तिथपर्यंत रिक्षा करून सीताबर्डीला मेट्रोने जाता येते आणि भाडे टॅक्सीच्या एका छोट्या हिश्शात भागते. जड बॅगा आणि लहान मुले असतील तर सरळ टॅक्सी घ्यावी.

तक्रार करायचीच झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एअर सेवा हे पोर्टल आणि ॲप आहे. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा संदेश आणि आयत्या वेळी केलेल्या टॅक्सी-लॉजच्या पावत्या यांचे फोटो काढून ठेवा. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर दोन वर्षांची मुदत असते, आणि तोवर बोर्डिंग पासवरची शाई उडालेली असते.